तिसरीतल्या मुलांना स्वतःची प्रगती कशी कळेल?

डोंगरशाळा:
आमची दुशिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या तपासणीच्या, नोंदी मी मनापासून लिहिते, पण त्या मुलाला कुठे दिसतात? सत्र संपल्यावर त्याला 'ब-१' ही श्रेणी कळते. नेमकं काय राहिलंय, ते कळत नाही. म्हणून प्रत्येकाला अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे काय-काय यायला हवं त्याचा, तक्ता दिला आणि जमलं ती चौकट रंगवायला सांगितली. दोन दिवसांत सगळे तक्ते पूर्ण रंगले! हातच्याची वजाबाकी अडते त्यांचेसुद्धा. तुम्ही हे कसं करता? आणि तक्ता भिंतीवर लावावा का?

पाटीपेन्सिल:
ताई, निष्पत्तीचं वाक्य शिक्षकांसाठी असतं. 'तीन अंकी संख्यांची वजाबाकी करतो' हे वाचून मूल हो म्हणणारच. माझ्या वर्गात वाक्याऐवजी उदाहरणच देतो. ४६८ − २३५, मग ४५२ − १२७, मग ४०३ − १५८. पहिल्यात हातचा नाही, दुसऱ्यात एकदा घ्यावा लागतो, तिसऱ्यात मध्ये शून्य आहे. सोडवण्याआधी मुलानं खूण करायची: येईल की अडेल. मग सोडवायचं आणि ताळा स्वतःच करायचा. तिसऱ्याचं उत्तर २४५, त्यात १५८ मिळवून ४०३ आले, तरच रंग भरायचा आणि शेजारी तारीख घालायची. मुलं ताळा फार आवडीनं करतात, कारण बरोबर-चूक सांगायला सर लागत नाहीत.

वाचनातही तसंच. अडलेला शब्द मूल वहीच्या मागच्या पानावर लिहितं. एका मुलीनं मला सांगितलं, "सर, 'सूर्य' येतो, 'राष्ट्र' येत नाही." एवढं नेमकं तर माझ्या नोंदीतही नव्हतं.

भिंतीवर मात्र अजिबात नको. तिथे लावला की मुलं स्वतःचं सोडून शेजाऱ्याचं मोजतात, आणि मागे असलेलं मूल त्या भिंतीकडे बघायचंच टाळतं.

रानपाखरू:
बहुवर्ग शाळेसाठी आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेची अध्ययन शिडी बघा. पायऱ्यांवर चित्रखुणा असतात. मूल आपली पायरी शोधतं आणि त्या खुणेचं कार्ड स्वतः उचलतं. आमच्याकडची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. परत आल्यावर वर्ग कुठे पोचलाय याला त्यांच्या लेखी अर्थ नसतो. आपण कुठे थांबलो होतो, ते सापडलं की ती लगेच कामाला लागतात.

डोंगरशाळा:
ताळ्याचं उद्याच सुरू करते, सर. पण परिसर अभ्यासात ताळा कसा घ्यायचा?

पाटीपेन्सिल:
तिथे जोडीदार. धडा झाला की एकानं पुस्तक मिटून सांगायचं, उदाहरणार्थ विहिरीला पाणी कुठून येतं, आणि दुसऱ्यानं 'का?' विचारत राहायचं. जिथे उत्तर थांबेल, तो प्रश्न सांगणाऱ्यानं आपल्या वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी मी धडा त्याच प्रश्नांपासून सुरू करतो.