वेरूळची शिल्पं बघून लेक काहीबाही सांगते, दुरुस्त करायचं का?

लेकीची_आई:
मागच्या आठवड्यात मुलीला (साडेसहा वर्षं) घेऊन वेरूळला गेलो. वाटलं होतं उन्हात कंटाळेल, पण १६ नंबरच्या कैलास लेण्यात हिचं तोंड बंद होईना. खाली हत्तींची रांग आहे ना, तर म्हणे हे हत्ती रात्री देऊळ उचलून पाणी प्यायला जातात आणि सकाळी परत आणून ठेवतात. पुढे नटराज बघून, "आई, हात दोनच आहेत गं, जोरात हलवतोय म्हणून जास्त दिसतात." मी हसले, पण सासूबाई म्हणाल्या देवाची चेष्टा नको, नीट गोष्ट सांग तिला. तुम्ही काय करता?

पारंबी:
अजिबात दुरुस्त करू नका हो, हातांचं तर भारीच आहे! रावण कैलास हलवतोय ते शिल्प दाखवलंत का? त्यात पार्वती दचकून शंकराला बिलगलीय आणि मागे एक दासी चक्क पळत सुटलीय, आमचा मुलगा रावणाला सोडून त्या दासीच्याच मागे लागला, ती कुठे गेली, परत आली का, घरी येईपर्यंत तेच. आणि चेष्टेचं म्हणाल तर २१ नंबरला शंकर-पार्वती फासे खेळतायत आणि खाली गण नंदीची शेपूट ओढतायत. कोरणाऱ्यांनीच मस्करी केलीय, पोरांना काय बोलायचं. (परत गेलात तर मंगळवार टाळा, बंद असतं.)

जुना_खडू:
थोडं वेगळं मत. मुलांना बोलू द्या, पण खरी गोष्टही सांगा, ती कधीकधी जास्त अचाट निघते. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख घ्या, वर्गातली पोरं त्याला सिंह, राक्षस, बेडूक काहीही म्हणतात. मग मी सांगतो की भुकेल्या गणाला शंकर म्हणाला स्वतःलाच खा, तर त्याने पायापासून सुरुवात केली आणि नुसतं तोंड उरलं. वर्ग चिडीचूप. एकाने विचारलं, सर, पोटही खाल्लं तर जेवण गेलं कुठे? मी घंटेची वाट बघत बसलो.
तुमच्या लेकीला सांगा, कैलास वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे आधी कळस आणि हत्ती नंतर.

लेकीची_आई:
सांगितलं सर. दोन मिनिटं गप्प, मग म्हणे, "मग हत्ती येईपर्यंत देऊळ कोणी धरलं होतं?" सासूबाईंकडे पाठवलंय.