मार्करचं भविष्य आणि बाटलीतलं सलाइन

तापीकाठचा पॅथो
कालपासून एक पोस्ट फिरते आहे. मजकूर असा: "तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा कॅन्सर होणार की नाही, हे आता आधीच कळतं. बायोप्सीवर पी-५३, केआय-६७, ई-कॅडहेरिन, सायक्लिन डी-१ आणि पोडोप्लॅनिन असं पाच प्रथिनांचं (मार्करचं) पॅनल लावा. निगेटिव्ह आलं की पेशंट निर्धास्त."

त्या शेवटच्या शब्दाने डोकं फिरलं. गुटख्याची पुडी काय एकाच जागी लागते? दोन्ही गाल, ओठाची आतली बाजू, जिभेची कड, सगळीकडे रस फिरतो. स्लॉटर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी हे १९५३ सालीच सांगून ठेवलंय. तुम्ही डाव्या गालातला ५ मिमीचा पंच (गोल तुकडा) तपासणार आणि उजव्या गालाचं भविष्य सांगणार?

साधं गणित करा. समजा शंभर चट्ट्यांपैकी दहा पुढे बिघडणारे आहेत आणि पॅनल बिघडणारे आणि न बिघडणारे दोन्ही ओळखण्यात ८० टक्के बरोबर येतं (हे मी फार उदार होऊन धरतोय). दहांपैकी आठ सापडले, दोन सुटले. उरलेल्या नव्वदांत अठरा जण उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह २६, त्यात खरे ८. आणि सुटलेले ते दोघं निर्धास्त होऊन परत टपरीवर.

धुळ्याची ओरल पॅथ
नाना, "निर्धास्त" चूक, मान्य. पण एका शब्दापायी अख्खं आयएचसी (अँटिबॉडीने प्रथिनं रंगवायची तपासणी) बुडवू नका. मॉडरेट डिस्प्लेशियावर (कॅन्सरआधीचा पेशींतला मध्यम बिघाड) तुमचं आणि माझं एकमत किती वेळा होतं? तीच स्लाइड महिन्याने पुन्हा पाहिली तर स्वतःचंच मत बदलतं. म्हणून तर बायनरी ग्रेडिंग आलं: रचनेतले निदान चार आणि पेशींतले निदान पाच बदल असतील तर हाय रिस्क. तरी काठावरची केस काठावरच राहते. तिथे पी-५३ उपयोगी पडतं. टक्केवारी मोजू नका, पॅटर्न बघा. बेसल म्हणजे सर्वांत खालच्या थरात तुरळक, काही फिकट काही गडद, म्हणजे वाइल्ड टाइप, जनुक शाबूत. बेसलची केंद्रकं सलग गडद आणि डाग वर चढलेला, तर म्यूटेशनचा (जनुक बिघडल्याचा) संशय. एकही केंद्रक रंगलेलं नाही, तो नल पॅटर्न, तोही म्यूटेशनकडेच बोट दाखवतो.

धडगाव-मोलगीचा माणूस दर तीन महिन्यांनी तपासणीला येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. कुणाचा चट्टा आत्ताच पूर्ण काढायचा आणि कुणाला फोन करकरून बोलवायचं, हे ठरवायला काहीतरी आधार लागतोच ना?

मायक्रोटोमवाला
ताई, "एकही केंद्रक रंगलेलं नाही" इथेच थांबा. चोपड्याहून दुपारी चारच्या एसटीत टाकलेली बाटली, मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि बाटलीत काय? सलाइन! सकाळी उघडेपर्यंत तुकडा आतून पचलेला असतो. त्यावर पी-५३ लावलं तर डाग येणारच नाही. रिपोर्टात काय जाणार? नल पॅटर्न. ई-कॅडहेरिनही दिसत नाही, म्हणजे "लॉस ऑफ एक्स्प्रेशन". भविष्य मार्करने नाही, बाटलीने सांगितलं.

दुसरा नमुना: फॉर्मलिन (तुकडा टिकवायचं द्रावण) आहे, पण कॅनमधलं तसंच ओतलेलं. किंवा बोअरच्या पाण्यात अंदाजपंचे. एकदाचं लिहून ठेवा. बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम. बफर घातला नाही तर आत फॉर्मिक ॲसिड साठत जातं आणि स्लाइडवर तपकिरी-काळे कण पडतात. मार्कर रंगवणाऱ्या डीएबी रसायनाचा रंगही तपकिरीच. मग ओळखत बसा कोणता डाग खरा.

तुकड्याच्या निदान दहापट द्रव हवा. स्तनाच्या कॅन्सरच्या मार्करसाठी फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवायचा जो नियम आहे तो इथेही पाळा. आणि हात जोडतो, इंजेक्शनच्या रिकाम्या वायलमध्ये बायोप्सी घालू नका. ताजा तुकडा आत जातो, कडक झाला की अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. मग चिमट्याने ओढून त्याचा चुरा.

ओपीडीतला डेंटिस्ट
वा! म्हणजे पाप सगळं आमच्या खात्यावर. आम्ही तुकडा ब्लॉटिंग पेपरवर चपटा ठेवून पाठवतो, खालची बाजू कागदाला, म्हणजे वळत नाही. तुम्ही लोक तो मेणात आडवा टाकता. उभा बसवायला काय जातं? तिरका कट आला की बेसल थर जाड दिसतो, केआय-६७ (पेशींची वाढ दाखवणारा मार्कर) वरच्या थरांत चढल्यासारखं दिसतं, आणि रिपोर्ट येतो "प्रोलिफरेशन वाढलेलं". आमच्या बाटल्यांवर प्रवचन देण्याआधी स्वतःचे मेणाचे ब्लॉक बघा.

मायक्रोटोमवाला
ब्लॉकवर या, हरकत नाही. कॉटरीने (विजेच्या तापत्या सुरीने) कापलेला तुकडा कोण पाठवतं? कडेच्या पेशी करपून लांबलेल्या, त्यांची ना ग्रेड होत ना मार्कर. भुलीचं इंजेक्शन थेट चट्ट्यात कोण टोचतं? बाजूला टोचायचं असतं. अल्सरच्या मधोमधचा मेलेला भाग कोण कापतं? कड घ्या, लालसर किंवा दाणेदार भाग घ्या. नुसता पांढरा गुळगुळीत भाग आला तर डिस्प्लेशिया शेजारीच राहून जातो. आणि फॉर्मवर "व्हाइट पॅच" एवढंच. कुठला गाल ते तरी लिहा!

ओपीडीतला डेंटिस्ट
एका खुर्चीवर दिवसाला चाळीस पेशंट काढून दाखवा, मग बोला.

धुळ्याची ओरल पॅथ
भांडण पुरे. त्यात एक गोष्ट राहिली: कॅन्डिडा. पीएएस रंगामध्ये बुरशीचे धागे दिसले तर केआय-६७ वर काही लिहूच नका. सुजलेलं एपिथेलियम (तोंडाचं अस्तर) तसंही वेगाने वाढतं. आधी बुरशीवर औषध, दोन आठवडे थांबा, मग पुन्हा बघा.

शहाद्याचा आप्पा
बठ्ठं बराबर शे, पन पैसा कोन दी? पाच अँटिबॉडी म्हणजे पाच स्लाइड, प्रत्येकीला कंट्रोल, कुप्या २ ते ८ अंशांत, आणि आमच्याकडे लाइट किती टिकते ते सर्वांना माहीत. सबम्यूकस फायब्रोसिसवाल्याचं (सुपारीने तोंड आखडलेल्याचं) तोंड किती उघडतं हे दातांच्या कडांमध्ये पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोजायला फुकट लागतं. तेही कागदावर दिसत नाही. आणि खरी बोंब वेगळीच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी, आणि टपरीवर सुपारी-मसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, गिऱ्हाईक हातावर मिसळतो. कोणतं पॅनल थांबवणार त्याला?

तापीकाठचा पॅथो
आप्पा, खरंय, पण बंदीचा वाद काढलात तर पहाट होईल.

ताई, मार्करच्या पेपरांवर इतका विश्वास असेल तर २००६ आठवा. नॉर्वेतल्या संशोधकाचा तोंडाच्या कॅन्सरवरचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर, माणसं ९०८, त्यातल्या २५० जणांची जन्मतारीख एकच! माणसंच बनावट. पेपर मागे घेतला गेला. ल्युकोप्लाकियातल्या (पांढऱ्या चट्ट्यातल्या) डीएनए प्लॉइडीवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या प्रमाणावर, "यांचा कॅन्सर होणार" असं सांगणारं गाजलेलं कामही त्याचंच.

आणि त्या पोस्टखाली कुणी पी-१६ सुद्धा जोडा म्हणतंय. तो ७० टक्क्यांचा निकष टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरसाठी, एचपीव्ही विषाणू ओळखायला. गालाच्या चट्ट्यावर त्याचं काय काम?

धुळ्याची ओरल पॅथ
पी-१६ वर आपलं एकमत. पण एकाने लबाडी केली म्हणून सगळे लबाड? २०१६ ची ईपीओसी ट्रायल बघा. क्रोमोसोम ३पी आणि ९पी वरचे तुकडे गळालेल्या चट्ट्यांत कॅन्सर जास्त झाला, हे पुढे जाऊन तपासूनच दाखवलं.

तापीकाठचा पॅथो
बघितली. एक, तो डीएनएचा मार्कर, प्रथिनाचा नाही. दोन, धोका ओळखल्यावर अर्लोटिनिब हे औषध दिलं आणि कॅन्सर टळण्यात फरक पडला नाही. भाकीत बरोबर, हाती काय?

धुळ्याची ओरल पॅथ
पहिला मुद्दा तुमचा, घ्या. दुसरा नाही. हाती सुरी आहे. चट्टा काढता येतो, आणि कॅन्सर झालाच तर तो ५ मिमी खोल जायच्या आत सापडतो. टाटा हॉस्पिटलच्या २०१५ च्या मानेच्या गाठींवरच्या ट्रायलमध्ये सुरुवातीच्या कॅन्सरमध्येसुद्धा गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, गाठ दिसायची वाट पाहिलेल्यांत ६७.५. आपल्याकडे वेळेलाच किंमत आहे, नाना.

तापीकाठचा पॅथो
बरं बाई, जिंकलात अर्ध्या. पी-५३ लावा, पण फक्त काठावरच्या डिस्प्लेशियाला, सरसकट नाही. आणि नल लिहायचं ते त्याच स्लाइडवर खालच्या निरोगी पेशी (लिम्फोसाइट आणि फायब्रोब्लास्ट) फिकट का होईना रंगले असतील तरच. नसतील रंगले तर "नमुना तपासणीस अयोग्य", नवा तुकडा मागवा. बाकीचे चार मार्कर त्या पोस्टवाल्याला माझ्याकडून आहेर.

धुळ्याची ओरल पॅथ
आणि रिपोर्टात "निगेटिव्ह" हा शब्दच नको. आधी डिस्प्लेशियाची ग्रेड, मग जागा, मग पी-५३ चा पॅटर्न, खाली "तपासणी दर तीन महिन्यांनी". आहेर परत करते, केआय-६७ मात्र ठेवून घेतलं.

मायक्रोटोमवाला
मग ऐका. कट ३ ते ४ मायक्रॉन, कोटेड स्लाइड, नाहीतर उकळताना सेक्शन (काप) सुटून तरंगतं. डीओ-७ (पी-५३ ची अँटिबॉडी) सिट्रेट पीएच ६ च्या उकळत्या द्रावणावर फिकट येत असेल तर ट्रिस-ईडीटीए पीएच ९, ९५ अंशांच्या वर २० मिनिटं, आणि त्याच भांड्यात २० मिनिटं गार होऊ द्या. मध्येच लाइट गेली तर पुन्हा गरम करू नका, नवी स्लाइड घ्या. टॉन्सिलचा कंट्रोल त्याच काचेवर. डेंटिस्ट भाऊ, बाटलीवर तुकडा टाकल्याची वेळ लिहाल का तेवढी?

ओपीडीतला डेंटिस्ट
लिहितो. गालही लिहितो, डावा की उजवा. ब्लॉक उभा हवा मात्र.