गावात हगवण लागली: विहीर आधी बंद करायची की अहवाल येऊ द्यायचा?

टीसीएलवाला
रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदिया काय अन् गडचिरोली काय, ठरलेलं आहे. ढाळ-ओकारीचे रुग्ण वाढले की पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत गाव तेच पाणी पितं. माझं मत: लाइन लिस्टवरून, म्हणजे रुग्णांच्या नावनिशीवार यादीवरून, आकडे मांडा आणि विहिरीला त्याच दिवशी कुलूप लावा. समजा, विहिरीवरच्या १२० जणांपैकी ३४ आजारी आणि हातपंपावरच्या २०० पैकी १७. २८ टक्के विरुद्ध साडेआठ. आणखी काय पाहिजे? अहवाल 'पिण्यास योग्य' आला तरी विहीर सुटत नाही. रुग्ण दिसले की कर्मचारी घाईनं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि मग बाटली भरतो. त्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट नसेल तर उरलेलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं. सापडणार काय, कपाळ?

उपकेंद्र_ते_तालुका
भागाकार बरोबर, निष्कर्ष घाईचा. त्याच आठवड्यात विहिरीकडच्या मोहल्ल्यात तेरवी झाली असेल तर? तुमचेच आकडे असे फुटू शकतात: तेरवीत जेवलेल्यांत विहिरीवरचे ८० पैकी ३२ आजारी, हातपंपावरचे २० पैकी ८. दोन्हीकडे ४० टक्के. न जेवलेल्यांत ४० पैकी २ आणि १८० पैकी ९. दोन्हीकडे ५ टक्के. दोष जेवणाचा, विहीरवाले पंगतीला जास्त होते, एवढंच.

शिवाय रोवणीला गेलेल्या बाया दिवसभर नाल्याचं पाणी पितात आणि यादीत 'सार्वजनिक विहीर' म्हणून नोंदल्या जातात. खाजगी डॉक्टरकडे गेलेले तर यादीतच नसतात. घरोघर जाऊन निरोगी माणसंही मोजल्याशिवाय टक्का काढू नये.

टीसीएलवाला
फोड मान्य. पण तेरवी की विहीर, हे बरंचसं वेळेवरून कळतं. एका पंगतीतून आलेला आजार झपकन चढतो आणि साधारण एका अधिशयन काळात, म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळात, ओसरतो. पटकीत (कॉलऱ्यात) हा काळ काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत. विहीर रोज पाजत राहते, म्हणून रुग्णांचा आलेख लांबत जातो. अडचण अशी की यादीत ढाळ सुरू झाल्याची वेळ नसते, उपकेंद्रात आल्याची तारीख असते. मग रविवारचे सगळे रुग्ण सोमवारी उगवतात.

जलसुरक्षक
कुलूप लावाल, पण बाया पाणी कुठून आणतील? नाल्यातूनच ना जी! बंद करू नका, शुद्ध करा. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर: ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर, ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ९४ ग्रॅम टीसीएल. बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग पाऊण बादली भरा, ५-१० मिनिटं निवळू द्या. वरची निवळच विहिरीत सोडायची, खालचा चुना नाही. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची तपासणी. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. पोतं ग्रामपंचायतीत उघडं पडलेलं असेल तर ताज्या पावडरीतलं ३३ टक्के क्लोरीन उडत जातं, मग ९४ ग्रॅमचा हिशेब फोल.

उपकेंद्र_ते_तालुका
याला माझी हरकत नाही, अहवालासाठी थांबूही नका. फक्त नमुना टीसीएलच्या आधी घ्या. आणि नंतर रुग्ण घटले म्हणून विहीर दोषी ठरवू नका. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा डॉक्टर जॉन स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ ला काढला, तेव्हा पटकीची साथ आधीच उतरणीला लागली होती. त्याचा खरा पुरावा म्हणजे ते पाणी कोण प्यालं अन् कोण नाही, याची घरोघर केलेली चौकशी.

टीसीएलवाला
म्हणजे पुरावा चौकशीचा, प्रयोगशाळेचा नव्हे. माझंच म्हणणं झालं की!

उपकेंद्र_ते_तालुका
तुमचं म्हणणं त्याच दिवशी कुलूप लावायचं होतं, भाऊ. यादीत तेरवीचा आणि ढाळ सुरू झाल्याच्या तासाचा रकाना घाला, मग बोलू.