'पळून जाणाऱ्यांना बेड कशाला?' म्हणे!

निशाचर:
शेजारच्या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलंय, 'सुईने नशा करणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गासाठी सहा आठवडे बेड का अडवायचा? डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज) घेऊन पळतातच.' डोकं फिरलं वाचून. अहो, हेरॉइन थांबलं की ८ ते २४ तासांत विथड्रॉवल सुरू होतं. उलट्या, जुलाब, अंग नुसतं पिळवटतं. अँटिबायोटिक लगेच, आणि यावर मात्र 'सहन करा'? हा त्रास आवरणारी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती देऊन बघा, मग पळण्याचं बोला.

वॉर्डसिस्टर:
लिहायला काय जातं? चादर बदलताना उशीखालची सुई माझ्या बोटात घुसली. एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा २८ दिवसांचा कोर्स, वर रक्ततपासण्यांचा ससेमिरा. तेव्हा कुणी मानवतावादी फिरकला नाही.

निशाचर:
वाईट झालं, खरंच. पण बेडशेजारी सुया टाकायचा डबा होता का?

वॉर्डसिस्टर:
म्हणजे टोचून घ्यायची सोयही आम्हीच करायची? धन्य आहे!

सरळमार्गी:
सिस्टरांना +१. माझे निर्व्यसनी वडील बेडसाठी रात्रभर स्ट्रेचरवर पडून होते. ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या.

निशाचर:
जातात आणि मरतात. चार दिवसांत अंगाची सवय उतरते, मग नेहमीचाच डोस जीव घेतो.

उंटावरून:
बेडच नको. अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन घरी पाठवा. डेन्मार्कच्या पोएट अभ्यासात सिद्ध झालंय.

निशाचर:
पूर्ण वाचा हो. ४०० पेशंट, सगळे डाव्या बाजूच्या झडपांचे, आणि गोळ्या किमान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावरच. सुईवाल्यांची बहुधा उजवीकडची ट्रायकस्पिड झडप बिघडते. त्यात असे पेशंट नावापुरते होते.

उंटावरून:
मग डाल्बाव्हॅन्सिन हे अँटिबायोटिक शिरेतून द्या. आठवड्याला एक डोस, हातात नळी ठेवायलाही नको. की तेही चालत नाही साहेबांना?

वॉर्डसिस्टर:
माझं बोट राहिलंच बाजूला! डबा होता. ट्रॉलीवर. रात्री ट्रॉली कुलपात. झालं समाधान?

निशाचर:
तेच तर म्हणतोय. झडतीची भीती आणि डबा कुलपात, मग सुई उशीखालीच जाणार.

सरळमार्गी:
माझ्या वडिलांबद्दल कुणी बोलणारच नाही ना?

वॉर्डसिस्टर:
एवढं मान्य, की ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेला पेशंट रात्री शिव्या देत नाही. उलट कुठली शीर चालते तेही तोच दाखवतो. पण बेडपाशी डबा लावायचा तर डॉक्टरसाहेबांनी आधी लेखी ऑर्डर द्यावी. चौकशी आमचीच लागते.