जीमेलवर निम्मी मेल पोचते, निम्मी परत येते. पीटीआर तर लावलाय!

खटपट्या
मंडळी, डोकं बधिर झालंय. आमच्या वाचनालयाचे ३४० सभासद. पुस्तक थकलं की आठवणीची मेल जाते. आधी माझ्या खाजगी जीमेलवरून पाठवायचो. दिवाळीनंतर भाड्याने छोटा सर्व्हर घेतला, त्यावर पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर बसवलं. होस्टिंगवाल्याने पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचा दरवाजा, बंद ठेवलेलं; 'आम्ही काही विकत नाही, पुस्तकं परत मागतोय' असं तिकिटात लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी उघडलं.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आमचीच हे पटवणाऱ्या नोंदी) आणि पीटीआर (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) सगळं झालं. तरी निम्म्या मेल ५५० हा कोड देऊन परत. त्यातही माणसं ठरलेली नाहीत. बालविभागाच्या बाईंना सोमवारी पोचली, गुरुवारी परत आली!

रात्रपाळी
नुसतं ५५० म्हणजे दार लावलं एवढंच. का लावलं ते पुढच्या आकड्यांत असतं. ते टाका.

खटपट्या
५.७.२५. म्हणे पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर नाही. अहो, आहे! डिग (अशा नोंदी तपासायची आज्ञा) करून तीनदा पाहिलं.

सदाशिव_पेठी
कशाला ही दगदग? आपल्या वतीने मेल पोचवणारी एखादी रिले सेवा घ्या आणि झोपा.

खटपट्या
झोपलो असतो, पण कमिटीला वर्गणीतून महिन्याचा खर्च मंजूर करायला सांगणं याहून अवघड आहे.

रात्रपाळी
मेल लॉग उघडा. 'रिले' शब्दापुढे चौकटी कंसात जीमेलचा पत्ता असतो. परत आलेल्या ओळींत तो ठिपक्यांचा आहे की कोलनचा?

खटपट्या
सगळे कोलनचे. आणि पोचलेले सगळे ठिपक्यांचे. अरे देवा.

रात्रपाळी
तेच. सर्व्हरबरोबर आयपीव्ही६ (कोलनवाला) पत्ताही मिळालाय, त्याचा पीटीआर लावायचा राहिलाय. तुम्ही डिग केलात तो आयपीव्ही४ चा, म्हणजे ठिपक्यांच्या पत्त्याचा. समोर दोन्ही रस्ते असले की पोस्टफिक्स कधी हा धरतं, कधी तो, म्हणून तुमचं निम्मं-निम्मं. एसपीएफमध्येही फक्त आयपी४ लिहिलं असणार, बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पीटीआरची अट लहानमोठ्या सगळ्यांना घातलीय. दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्यांना डीमार्कही सक्तीचं.

तूर्त पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये 'आयनेट प्रोटोकॉल्स' फक्त आयपीव्ही४ करा. आयपीव्ही६ नंतर सवडीने.

खटपट्या
केलं, रीलोड दिलं. फरक शून्य.

रात्रपाळी
या बदलाला रीलोड चालत नाही. पोस्टफिक्स पूर्ण थांबवून परत चालू करा. आणि पत्ता नवा आहे, जीमेलच्या ओळखीचा नाही, तेव्हा ३४० एकदम सोडू नका. रोज वीस-पंचवीस, तेही मेल वाचणाऱ्या सभासदांपासून सुरुवात.

खटपट्या
आज बावीस सोडल्या. एकही परत नाही! बालविभागाच्या बाईंना फोन केला, त्यांनाही पोचलीय. स्पॅममध्ये. 'स्पॅम नाही'चं बटण कुठे असतं ते फोनवर दहा मिनिटं समजावलं. पुस्तक मात्र उद्या आणते म्हणाल्या.