एर्टिगात नऊजण आणि "चलन होत नाही" म्हणणारे

साखळीकर
काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं: चतुर्थीला एर्टिगात नऊजण घालून गावाला जा, मोटार वाहन कायद्याचं जादा प्रवाशामागे 200 रुपयांचं कलम 194ए फक्त ट्रान्सपोर्ट गाड्यांना लागतं, खासगीला चलन होत नाही. कलम बरोबर वाचलंय, पण पुढचं वाचायचं राहिलं. 194बी: बेल्ट न लावलेला प्रवासी नेला तर 1000 रुपये, तेही ड्रायव्हरला. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर त्याचंही वेगळं पोटकलम आहे. एर्टिगात बेल्ट सात. उरलेल्या दोघांना सुंभाने बांधणार?

आणि "पोर मांडीवर घेतो" हे तर बोलूच नका. 50 चा वेग म्हणजे सेकंदाला 14 मीटर. गाडी आदळल्यावर बेल्टवाला माणूस साधारण दशांश सेकंदात थांबतो. तेवढ्या वेळात दहा किलोचं पोर धरून ठेवायला 140 किलोचा जोर लागतो. कोणाच्या हातात आहे?

पेडणेकर
पांडित्य पुरे. रात्री आरती आटपल्यावर आतल्या वाड्यावर बस मिळते का ते आधी सांगा. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138(3) पुरता वाचा: बेल्ट सक्तीचा आहे तो पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटांना. नऊ सीटर स्कॉर्पिओत मागे आडव्या बाकांवर चौघे गुडघ्याला गुडघा लावून बसतात, ते कायदेशीर! एर्टिगातला आठवा मात्र गुन्हेगार.

म्हार्दोळ_66
सात बेल्ट, सात बेल्ट! त्यातले लागतात किती? रेक्झिनचं कव्हर चढवताना मधल्या सीटचं बकल आत दाबून टाकतात. मग मधला माणूस बोटं घालून दोन मिनिटं शोधतो आणि नाद सोडतो. चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या दोन कड्या पाठ आणि बैठकीच्या सांध्यात असतात, त्याही गेल्या कव्हराखाली.

कव्हरवालो
सगळं आमच्या माथी मारू नका. पावसाळ्यात इथे कापडी सीटला बुरशी धरते, म्हणून लोक रेक्झिन घालतात. बकलला चीर ठेवतोच आम्ही. गिऱ्हाईकच म्हणतं, टोचतं, आत ढकल.

म्हार्दोळ_66
मग साइड एअरबॅगचं काय? ती पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेतून फुटते. तिथली शिवण कच्च्या दोऱ्याची हवी. तुम्ही नायलॉनने घट्ट शिवता, बॅग आतच कोंडते. एअरबॅग असलेल्या सीटला बिनबाह्यांचं कव्हर असतं, ते दाखवता कधी गिऱ्हाईकाला? शिवाय बेल्ट न लावता त्याची बीप बंद करायच्या खोट्या क्लिपा. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या, काउंटरवर अजून सापडतात.

कव्हरवालो
क्लिपा मी विकत नाही. बिनबाह्यांचं कव्हर महाग पडतं, दाखवलं की लोक तोंड फिरवतात. तरी यापुढे आधी तेच दाखवतो, झालं समाधान?

साखळीकर
धागा कव्हरांचा नाही. पण बघताच आहात तर बेल्टही तपासा: हळू ओढला तर सुटायला हवा, झटका दिला की अडकायला हवा. पट्टी ओटीपोटावर नको, कमरेच्या हाडावर हवी. पोराच्या गळ्यावर येत असेल तर बूस्टर, म्हणजे पोराला उंच करणारी बैठक घ्या.

पेडणेकर, चलनाचं सोडा, विम्याचं ऐका. हिमाचलची बस, मुभा 42, आत 90. सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये सांगितलं: कंपनीची जबाबदारी परवानगीच्या संख्येपुरती, वरचा भार मालकावर. तुमचे वरचे दोन कोणाच्या खिशातून?

पेडणेकर
बरं बाबा, सात. आठव्या म्हातारीला तुमच्या गाडीतून पोचवा. आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचं सामान?

साखळीकर
ते डिकीत. पण तिसरी रांग उभी असली की एर्टिगाची डिकी चार पिशव्यांत भरते. नारळ, तवशी, सुपारीचे घोस न्यायचे तर रांग पाडावी लागते. नारळ गोणीत घालून तळाला, मधल्या सीटच्या पाठीला टेकवून बांधा. पाठीच्या वर एकही नको, ब्रेकला सुटलेला नारळ डोक्यातच बसतो. टायरची हवा माणसं-सामानाने भरलेल्या गाडीइतकी ठेवा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेला असतो.

पेडणेकर
म्हणजे नऊचे सात केलेत, आता पाच. उद्या गणपतीलाही बेल्ट सांगाल.

म्हार्दोळ_66
मधल्या सीटवर ठेवणार असाल तर हो. बकल सापडलं तर.