अनुभव धागा: पूर आला, पण चूक माझी होती

शिलाईवाली:
सकाळी चहा पिता पिता ह्यांनी कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याची, म्हणजे पंचगंगेची पातळी वाचली, ३७ फूट. इशारा ३९ ला, धोका ४३ ला, म्हणजे अजून काही नाही. तरी माझा हात आपोआप खालच्या फळीवरच्या गठ्ठ्याकडं गेला.

२०१९ ला माझं शिलाईचं दुकान शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर. तालमीची पोरं सांगून गेली, "वहिनी, सगळं हलवा." मी म्हटलं, २००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं. मशिनी तेवढ्या जावेच्या वरच्या मजल्यावर नेल्या. गिऱ्हाइकांचं कापड फळीवर ठेवलं, वर प्लॅस्टिक टाकलं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

शटर उघडलं तर चिखलात एकच गोळा. कुठल्यातरी लाल काठाचा रंग उतरून सगळी अस्तरं गुलाबी. टाचण्या गंजलेल्या, चिठ्ठ्यांवरची नावं गेलेली. कापडाची ४१ पिसं. पुराचंच नाव सांगितलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण मशिनी माझ्या होत्या, त्या वाचवल्या. कापड लोकांचं होतं.

वही घरी होती म्हणून घरोघरी जाता आलं. पुढच्या दिवाळीपर्यंत हप्त्यानं पैसे दिले. बऱ्याच जणींनी घेतले नाहीत. एका काकूंनी पूर्ण घेतले, वर शिलाईचा ॲडव्हान्सही परत मागितला. तेव्हा राग आला होता. आता नाही.

तुमचं असं काही असेल तर लिहा.

चिखलीकर:
आमच्या आबांनी म्हसरं सोडायला उशीर केला. सोनतळीला हलवायला जागा होती, पण "गोठा सोडून कुठं जाऊ" म्हणत बसले. दोन गेली. आबा त्यावर कधी बोलले नाहीत. २०२१ ला मात्र पाऊस सुरू झाला तसा रात्री दोनला उठून स्वतः दावी सोडली.

गंगावेशकर:
ते पेट्रोल आठवतंय का? शिरोलीजवळ हायवे बंद, पंपावर ही रांग!! मी दोन तास थांबलो आणि नंबर आल्यावर कळलं पाकीट घरी 😂

माहेर_कोल्हापूर:
@गंगावेशकर आणि नळाला पाणी नाही. चहूकडं पाणी नि प्यायला टँकर. मी पुण्यात, आईला फोन लागत नव्हता. दादा रोज म्हणायचा "आणतो तिला वर", मी त्याच्यावर ओरडायचे. स्वतः जून महिन्यात येऊन आणली असती तर? असो. कुकर झाला, नंतर लिहिते.

स्पष्टवक्ता:
ताई, सगळं स्वतःवर कशाला घेताय? धरणाचे दरवाजे, पूररेषेतली बांधकामं, हे काय शिंपिणीनं बघायचं?

शिलाईवाली:
@स्पष्टवक्ता त्यांचं त्यांनी द्यावं उत्तर, मी कुठं सोडलंय त्यांना? पंचनाम्याच्या रांगेत मीच जास्त भांडले होते. पण काकूंच्या दारात उभी राहून धरणाचं काय सांगू?

कुंभारगल्ली:
२ सप्टेंबरला गणपती बसायचे होते नि महिनाभर आधी मूर्ती पाण्यात. रंग द्यायच्या बाकी असलेल्या पार विरघळल्या. मंडळांचा ॲडव्हान्स घेऊन बसलेलो. काही मंडळांना बाहेरून मूर्ती आणून दिली, तोटा खाऊन. एका मंडळाचा फोन मात्र चार दिवस उचलला नाही. भ्यालो होतो, सरळ सांगतो. पाचव्या दिवशी पोरं घरीच आली. मला वाटलं आता मारत्यात. खराटा घेऊन आलेली, शेड धुवायला.

गंगावेशकर:
भावा ❤️ आमच्या मंडळाची मूर्ती त्या वर्षी लई बारकी होती, तुझीच का?

कुंभारगल्ली:
बारकी असंल तर माझी नव्हं 😄

रंकाळा_फेरफटका:
विषयांतर, पण ताई दुकान अजून तिथंच का? बहिणीचं लग्न आहे, सहा ब्लाऊज आहेत.

शिलाईवाली:
तिथंच, पण आता जिना चढून यायचं. पाऊस उघडला की या. कापड आत्ता नको.

माहेर_कोल्हापूर:
आले परत. कुणी आत्ताची पातळी टाका ना, आई फोन उचलत नाहीये.

चिखलीकर:
३७ फूट ४ इंच. झोपली असेल.